शेवटचे नऊ सेकंद

थोरलीने डिस्कची वायर जोडली आणि संगणकाने ती ओळखेपर्यंत हात मागे बांधून उभी राहिली. पडद्याच्या कोपऱ्यात डिस्कचं चित्र उमटलं तसं तिने पिशवीतून वही काढली.

"बसा की मॅडम," दुकानातले संगणक जोडून देणारे काका म्हणाले. त्यांच्या कानावर सुतार पेन्सिल खोचतो तसा स्क्रूड्रायव्हर खोचलेला होता. "उभं राहिल्याने मशीन काही जास्त पळत नाही."

"माझीच फाइल चालवायची ना? नमुन्याची नको."

"तुमचीच चालवा. लोक येतात आणि विचारतात, किती कोअर, किती जीबी. मी म्हणतो, तुमचं काम घेऊन या, ते किती वेळात होतंय ते बघा. बूट घ्यायला निघताना पाय कोणी घरी ठेवून येतं का?"

थोरली हसली आणि बसली. हे तिला पटण्यासारखंच होतं. याआधीच्या दोन दुकानांत तिला चकचकीत माहितीपत्रकं मिळाली होती आणि दुकानाचीच एक चित्रफीत दाखवली गेली होती, जी कुठल्याही मशीनवर लोण्यासारखी चालली असती. वहीत तिने पट्टीने आखलेल्या तक्त्याचे रकाने म्हणून अजून कोरेच होते. मशीन, मेमरी, ग्राफिक्स कार्ड, लागलेला वेळ, तापमान, शेरा.

घरात बंद करून घेतलेल्या गॅलरीत दोघी बहिणींचं काम चालायचं. एक संगणक, सात वर्षांचा. एकच खुर्ची, तीही डावीकडे कललेली. दुपारी दोनपर्यंत थोरलीचं संकलन, दोननंतर धाकटीचे मोशन ग्राफिक्स, म्हणजे अक्षरं, आकृत्या आणि चित्रं हलती करायचं काम. धाकटीने काही रेंडरला लावलं, की मशीन एकेक फ्रेम तयार करत बसायचं आणि पंख्याची घरघर स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायची. तेवढ्या वेळात दोघींच्या डोक्याला तेल लावून व्हायचं, भांडण व्हायचं, समेटही व्हायचा.

नवं मशीन दोघींचं असणार होतं. धाकटीसाठी दणदणीत ग्राफिक्स कार्ड, थोरलीच्या चित्रीकरणासाठी भरपूर डिस्क, आणि दोन पडदे. म्हणजे आता दोघींना एकाच वेळी बसता येईल. तीन महिने धाकटीच अडून बसली होती. "थांबू ना ताई, नवीन कार्ड येतंय." नवीन कार्ड आलं. "आता त्याचे दोष कळू देत." दोषही कळले. शेवटी गेल्या आठवड्यात ती म्हणाली, "तूच ठरव. तू देशील त्यावर मी करीन." आणि दारातून परत फिरून म्हणाली, "फक्त त्या मागच्या गल्लीतल्या काकांकडे नको जाऊस. फार बोलतात ते."

बोलेनात का, थोरलीने मनात म्हटलं होतं. फाइल चालवू देतात ना?

तिने मधमाशीची फीत उघडली. विज्ञान प्रदर्शनाच्या दालनासाठी केलेली, दोन मिनिटं अठरा सेकंदांची. मधमाशी पोळ्याकडे परत कशी येते. दोनशे बारा लेयर, म्हणजे एकावर एक रचलेले चित्रांचे थर, होते तिच्यात. आजवर दोघींनी मिळून केलेलं सगळ्यात अवघड काम तेच होतं. चित्रं धाकटीची, मांडणी आणि जुळवणी थोरलीची. शिवाय पंख. पंखांची फडफड खोटी वाटते म्हणून थोरलीने मंद गतीची चित्रणं पुढेमागे करून अकरा दिवस काढले होते, आणि पंख वर जाताना किंचित पिळतो हे तिलाच दिसलं होतं. पिळाचा कोन तिने कोनमापक पडद्याला लावून मोजला होता.

"तू ना, चहातली साखरसुद्धा कणाकणाने मोजशील," धाकटी तेव्हा म्हणाली होती.

फाइल उघडली. थोरलीने घड्याळ हातात घेतलं आणि ते सुरू करायचं विसरली.

पडद्याच्या तळाशी फितीची वेळ दाखवणारी पट्टी असते, त्या टाइमलाइनवर निळी रेघ होती.

मशीनने एखादी फ्रेम एकदा तयार केली, की ते ती बाजूला ठेवून देतं, म्हणजे पुन्हा मागितली तर नव्याने खपावं लागत नाही. दोघी त्याला साठा म्हणायच्या. ज्या फ्रेम साठ्यात तयार असतात त्यांच्यावर ही निळी रेघ दिसते. मोजण्याआधी साठा पुसायचा, हा थोरलीचा नियम होता, आणि तो न पाळणं हा धाकटीचा. पण साठा ज्या त्या मशीनचा असतो. या मशीनवर थोरली आज पहिल्यांदा बसत होती.

म्हणजे ही फीत इथे आधी चालली होती.

तिला आधी हसूच आलं. लबाड कुठली! तिकडे नको जाऊस म्हणते आणि स्वतः येऊन चाचणी घेऊन जाते. आपल्याला चकित करायचं असेल. तीन महिन्यांची टाळाटाळ, तिचाही अर्थ बहुधा हाच. कुठलं मशीन हवं ते बाईसाहेबांनी गुपचूप ठरवूनही टाकलेलं असणार. थोरलीने रेघेवरून नजर शेवटापर्यंत नेली.

दोन मिनिटं नऊ सेकंदांना रेघ संपत होती. पुढचे नऊ सेकंद कोरे होते.

ते दोघींच्या नावांचे नऊ सेकंद होते.

"अरे, ही मधमाशी!" काका तिच्या मागे येऊन उभे राहिले होते. "परत आली का?"

"तुम्ही बघितलीय?"

"बघितलीय म्हणजे? दुपारभर इथेच भणभणत होती. महिना झाला असेल. एक मुलगी आली होती, केसांत पेन्सिल खोचलेली. म्हणाली, काका, घरच्या मशीनवर जमणार नाही, आजच पाठवायचंय, शेवटची तारीख आहे. मी म्हटलं, बस बाई, कर. हो, आणि तो पंख बघा, वर जाताना कसा वळतो! मी विचारलं तिला, हे कोणी केलं? तर म्हणाली, सगळं मीच केलंय." काकांनी कानावरचा स्क्रूड्रायव्हर काढून पंखाकडे रोखला. "तुमच्याकडे कामाला आहे का ती?"

"आमच्याकडेच असते," थोरली म्हणाली.

"मग तुम्हाला ठाऊकच असेल. लागली ना नोकरी! याच फितीवर. परवा मुद्दाम येऊन सांगून गेली पोर. पुढच्या महिन्यात निघणार म्हणे. राहायला खोलीसुद्धा बघितली तिकडे."

"हो," थोरली म्हणाली. "ठाऊक आहे."

कोणीतरी प्रिंटरची शाई मागायला आलं आणि काका गल्ल्याकडे गेले.

थोरलीने वहीचा कोपरा दुमडला, सरळ केला, पुन्हा दुमडला. ऐकीव गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे. काका फार बोलतात, आणि बोलणारी माणसं पदरचं घालतात. सगळं मीच केलंय, हे वाक्य धाकटीचं असेल किंवा काकांचंही. पण रेघ काही पदरचं घालत नाही. रेघेचा नियम सरळ होता. जी फ्रेम पूर्वी तयार झाली तिच्याशी आत्ताची फ्रेम तंतोतंत जुळली, तरच निळं. शेवटचे नऊ सेकंद कोरे आहेत म्हणजे तेव्हा तिथे काहीतरी वेगळं होतं. काय वेगळं होतं ते तपासता येण्यासारखं होतं.

ती लेयरच्या यादीत खाली खाली गेली. सर्वांत तळाशी दोन लेयर होते. त्यांना नावं धाकटीने दिली होती. 'नाव-मी' आणि 'नाव-ताई'.

प्रत्येक लेयरपुढे डोळ्याचं छोटं चिन्ह असतं. ते दाबलं की तो लेयर दिसेनासा होतो. थोरलीने 'नाव-ताई'पुढचा डोळा दाबला.

निळी रेघ शेवटापर्यंत भरून आली. एका क्षणात, मध्ये एकही खाच न ठेवता.

पडद्यावर आता एकच नाव उरलं होतं. दोन ओळींतली खालची ओळ होती ती, आणि वरची गेल्यामुळे ते मध्यापासून खाली घसरल्यासारखं दिसत होतं. चोवीस-पंचवीस पिक्सेल तरी. धाकटीने ते वर सरकवलंही नव्हतं. सरकवलं असतं तर रेघ जुळली नसती. थोरलीचा हात सवयीने माउसवर पुढे झाला, नाव मध्यावर आणायला. मग तो थांबला. निदान एवढं तरी करायचं होतंस, असं काहीतरी ती पुटपुटली आणि चष्मा काढून ओढणीने पुसत बसली. काचा स्वच्छच होत्या.

तिने डोळा उघडला, बंद केला, उघडला. तीन वेळा. तिन्ही वेळा रेघ तीच वागली.

मग तिने मशीनमधला सगळा साठा पुसून टाकला. टाइमलाइन कोरी झाली. तिने घड्याळ सुरू केलं आणि फीत पहिल्या फ्रेमपासून रेंडरला लावली. मशीन खरंच उत्तम होतं. पोळं, षटकोन, उन्हाची दिशा, पंख, सगळं झरझर होत गेलं. शेवटी दोन नावं आली. थोरलीने वेळ लिहिली, तापमान लिहिलं. साठा पुसून आणखी दोनदा चालवलं आणि सरासरी काढली. शेऱ्याच्या रकान्यात तिने नेहमीच्या गोल अक्षरात लिहिलं:

'पहिली चाचणी धरू नये. मशीनमध्ये आधीचा साठा होता, शेवटचे नऊ सेकंद सोडून.'

पानाचा फोटो काढून तिने धाकटीला पाठवला. दोघींचं ठरलंच होतं तसं. मोजशील तसं पाठव, मी घरून बघते.

धाकटीने लगेच बघितला. ती काही लिहिते आहे असं दिसलं, मग दिसेनासं झालं. पुन्हा दिसलं. पुन्हा गेलं. शेवटी एक ओळ आली.

'ताई, कोणत्या दुकानात आहेस?'

थोरलीने फोन वहीवर पालथा ठेवला.

"मग?" काका यादी लिहिलेलं पावतीचं पुस्तक घेऊन आले. "आवडलं ना? आकडेच सांगतायत. हेच घ्या, मोठं कार्ड आणि दोन पडदे. फोनवर तुम्ही म्हणाला होता ना, दोघींना बसायचंय."

"कार्ड छोटं टाका."

"छोट्यावर ही मधमाशी उडायची नाही हं. आधीच सांगून ठेवतो. नंतर भांडायला यायचं नाही."

"चालेल. मला फक्त संकलन करायचं असतं. डिस्क वाढवा. आणि पडदा एकच."

काकांनी लिहायला घेतलं. मग मान वर करून त्यांनी पडद्याकडे बघितलं. तिथे दोन नावं एकाखाली एक थांबली होती, दोन्हींचं आडनाव एकच. त्यांची नजर थोरलीकडे आली. मग त्यांनी पडद्यांच्या ओळीतला दोनचा आकडा खोडला.

पालथा फोन वहीवर थरथरत कडेकडे सरकू लागला. थोरलीने डिस्क काढून घेण्याचं बटण दाबलं, आणि आता काढायला हरकत नाही असं मशीन म्हणेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसून राहिली.