पाहुण्यांना दाखवलेलं चिमण्यांचं घर

मी एक जुना सागवानी खोका आहे. त्याआधी, मित्रांनो, मी कळंबजवळच्या एका कौलारू घराचं दार होतो. उघडणं आणि मिटणं, एवढंच मला येतं.

उकंडा सुताराने कौलं उतरवून स्लॅबचं घर बांधायला घेतलं, तेव्हा वळचणीतली चिमण्यांची घरटी गेली. त्याची बायको प्रभावती म्हणाली, "माह्या चिमण्या नाही आल्या, तर मी काई त्या सिमिटात राह्यत नाही."

म्हणून माझा खोका झाला. पुढे गोल भोक, वर बिजागरीचं झाकण. मापात चूक नाही. उकंडाची चूक मापात कधी नसतेच.

वर्षभर मी व्हरांड्यात रिकामा लटकलो. मग चैत्रात एक जोडी आली. तिने कूलरमधलं गवत ओढून घर केलं, तीन अंडी घातली. प्रभावती माझ्याखालून जाताना चपला हातात घेऊ लागली.

त्याच आठवड्यात वास्तुशांती होती. नवं घर पाहुण्यांना खोलीखोलीने दाखवायची रीत. बैठक, स्वयंपाकघर, पाण्याची टाकी दाखवून झाली की उकंडा शेवटी माझं झाकण उचले. व्याह्यांना म्हणाला, "पाहा इवाई, वास्तूच्या आधीच भाडेकरू आला!"

"अवो, बाळंतिणीच्या खोलीचं दार असं उघडते काय कोणी?" प्रभावती म्हणाली.

"पाह्यल्यानं काय झिजते वं?"

झाकण बावीस वेळा उघडलं. तिसऱ्यांदा चिमणी तारेवर जाऊन बसली. चौदाव्यांदा ती तारेवरही नव्हती. पाहुण्यांनी जेवणाची तारीफ केली, माझीही केली.

तीन दिवसांनी उकंडाने अंड्यांना बोट लावलं. गार होती. प्रभावतीने आपली खाट व्हरांड्यात आणली. शेजाऱ्यांना वाटलं, उकाड्यामुळे. पाऊस सरला, थंडी सरली, खाट तिथेच राहिली.

यंदा पुन्हा जोडी आली. परवा तेच व्याही आले. "काय इवाई, भाडेकरू आला का यंदा?"

उकंडाने माझ्याकडे पाहिलंही नाही. "नाही जी. खोका खालीच हाय, रिकामा."

आत चार अंडी होती.

व्याही गेल्यावर प्रभावतीने खाट उचलली आणि घरात नेली.

मित्रांनो, असा खोका जरूर करा. झाकणही ठेवा, पिल्लं उडून गेल्यावर साफसफाईला लागतं. तोवर कोणी विचारलंच, तर आत कोणी नाही म्हणून सांगा. मला आनंद झाला का, ते ठाऊक नाही. मी मिटलेला होतो, एवढंच कळलं.