ताईच्या पानावरचं वाक्य

ताईचा खून झाला तेव्हा ती आपल्या शिवणाच्या दुकानात एकटीच होती. कुणी केला, का केला, याचा पोलिसांना थांगपत्ता लागला नाही. वर्षं उलटली, तपास थंडावला. मग कुणा अनोळखी माणसाने इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात तिच्यावर एक पान लिहिलं, फोटोसकट. ताईच्या धाकट्या भावाचं चष्म्याचं दुकान होतं. त्याला ते एका गिऱ्हाइकाकडून कळलं.

तेव्हापासून आईचा नेमच झाला. चहा झाला की म्हणायची, "लाव रे तिचं पान." मग फोटोवरून बोट फिरवत बसायची. बोट लागलं की पान भलतीकडेच सरकायचं, आणि तो ते पुन्हा वर आणून द्यायचा.

त्या पानावर एक वाक्य होतं: 'दुपारच्या वेळी तिच्याकडे एक पुरुष नियमित येत असे.' ते त्याला कुसळासारखं सलायचं. तो पुरुष म्हणजे तो स्वतःच. ताईचा डबा घेऊन जायचा. शेवटी न राहवून त्याने ते वाक्य खोडलं. ते परत आलं. पुन्हा खोडलं, पुन्हा आलं. मग त्याने त्या पानाच्या चर्चेत लिहिलं, "तो माणूस मी आहे. मी तिचा भाऊ."

ज्ञानकोशाच्या एका संपादकाचं उत्तर आलं, "आपल्या दुःखाची कल्पना आहे. पण त्या वाक्याला वर्तमानपत्राचा आधार आहे. आपल्या म्हणण्याला कशाचा?"

"सख्ख्या भावाकडे पुरावा मागतात!" तो बायकोला म्हणाला.

"भिंतीवर डोकं आपटून काय होणार?" ती म्हणाली. "टेंगूळ आपल्यालाच येणार ना?"

पण या खोडाखोडीने जुन्याजाणत्या संपादकांचं लक्ष पानाकडे गेलं होतं. थोड्याच दिवसांत वर पट्टी आली: हे पान ठेवावं की काढावं, यावर चर्चा सुरू आहे.

गिऱ्हाइकाला चष्म्याचा नंबर काढून दिला की तो फोनवर ती चर्चा उघडायचा. एकाने लिहिलं होतं, खून रोजच होतात, प्रत्येकाचं पान कसं करणार? दुसरा म्हणत होता, बातम्या फक्त गावातल्या पेपरात, त्याही पंधरवडाभर. यातून ना कायदा बदलला, ना कुणी पुस्तक लिहिलं. एका बाईने मात्र बाजू घेतली. तपासात हयगय झाली, तेच नोंदवण्यासारखं आहे, म्हणाली. तिला विचारलं गेलं, असं कुठे छापून आलंय? ती पुन्हा बोलली नाही. कुणीच वेडंवाकडं लिहीत नव्हतं. लिहिलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

पेपरात ते वाक्य ज्याने लिहिलं होतं, त्या बातमीदाराला तो शोधत गेला. म्हातारा आता निवृत्त होता, बाल्कनीत कुंड्या भरत होता.

"ते वाक्य शेजारच्या दुकानदाराने सांगितलेलं," बातमीदार म्हणाला. "मी विचारायला हवं होतं, कोण पुरुष म्हणून."

"मग आता लिहा ना तसं, काका. तपासाचंही लिहा."

"लिहीन रे, पण छापणार कोण? नवीन काही घडलंय?"

"नाही."

"मग ती बातमी नाही, बाळा." त्याने मातीचे हात झटकले. त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं, पण त्याचा कुणाला काय उपयोग!

शेवटी पान काढून टाकलं गेलं. त्याने इंटरनेटवर ताईचं नाव टाकून पाहिलं. आता सगळ्यात वर ती जुनी बातमीच येत होती, आणि बातमीत ते वाक्य जसंच्या तसं होतं. तिथे खोडायचीही सोय नव्हती.

दोन-तीन दिवस त्याने आईला नेट बंद असल्याचं सांगितलं. मग तिनेच विचारलं, "काढलं का रे?"

"हो."

"का?"

"म्हणतात, तेवढं महत्त्वाचं नव्हतं."

"मारणाऱ्यालाही तसंच वाटलं असेल," आई म्हणाली.

पुढच्या आठवड्यात तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं होतं. ते तिने नको म्हटलं. त्याने हातापाया पडून सांगितलं, सुनेने समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. "आता काय बघायचं राहिलंय?" एवढंच म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून निजली.