आगीचा पहिला घास

पिंपातली बर्फाची लादी वितळता वितळता सरकली आणि टक् करून पत्र्यावर आपटली. घर इतकं गप्प होतं की तेवढ्या आवाजानेही कणीक मळणारे तुयाराचे हात थांबले. नदीवरून फोडून आणलेला बर्फ घरात रोज वितळतो, रोज सरकतो. त्यात नवल काही नव्हतं. पण टक् विरला आणि मागे पुन्हा तीच शांतता उरली. एव्हाना खिडकीखाली उभ्या असलेल्या ट्रकमधून हीटरची घुमघुम यायला हवी होती.

ती येणार नाही, हे त्या घरात एकट्या तुयाराला ठाऊक होतं.

तिचा नवरा एल्लेय मोजे चढवत होता. त्यानेही कान टवकारले. टोपी न घालताच दार ढकलून तो बाहेर गेला, आणि उघड्या दारातून थंडीचा पांढरा लोट जमिनीसरसा घरात शिरला.

हा हीटर यंदाच्या शरदात बसवला होता. त्याआधीचे हिवाळे वेगळे होते. थंडी उणे पन्नासाच्या खाली गेली की बंद केलेलं इंजिन पुन्हा जागं होत नाही, म्हणून एल्लेय घरी आला तरी ट्रक खिडकीखाली रात्रभर धडधडत राहायचा. फळीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिणायचे. शेजारीपाजारी धुराच्या नावाने बोटं मोडायचे, पण तुयाराला त्या किणकिणीतच गाढ झोप लागायची. पेले वाजताहेत, म्हणजे माणूस घरात आहे. आणि कधी इंजिन बंद पडलंच, तर सकाळी दोघं मिळून त्याला उठवायची: ती पंप मारून पेटवायचा मोठा दिवा धरायची, तो इंजिनाच्या पोटाखाली ज्योत फिरवायचा, आणि पापण्यांवर बर्फ धरलेली ती दोघं एकमेकांना वाटेल ते बोलत हसायची.

आता हीटर होता. दप्तराएवढी पेटी. टाकीतलं डिझेल थेंब थेंब पिते, पोटात ज्योत पेटवते, त्या ज्योतीवर इंजिनाचं पाणी तापवते, आणि इवलासा पंप ते गरम पाणी इंजिनाभोवती फिरवत राहतो. इंजिन निजलेलंच असतं, आणि त्याच्या अंगात ऊब भरलेली असते. नंतर सेल मारायचा की झालं. एल्लेय निजण्याआधी घड्याळ लावून ठेवी. पेले आता वाजत नसत. वाजायची ती पहाटेची घुमघुम, दूर कुणी भाता फुंकत असल्यासारखी, आणि ती सुरू झाली म्हणजे एल्लेय निघाला.

काल दुपारी जेवताना छोट्या नारियाने बापाला विचारून विचारून भंडावलं होतं. ट्रकमध्ये खरंच आग आहे का? केवढी? एकटीच असते का? एल्लेयने तिला मांडीवर घेऊन सगळं सांगितलं. मग नेहमीप्रमाणे ताटातल्या पहिल्या धिरड्याचा तुकडा लोण्यात बुडवून त्याने चुलीत टाकला. आगीला भरवल्याशिवाय घरात कुणी घास उचलत नाही, आणि भरवताना जे मागायचं ते मनातल्या मनात मागायचं. नारिया बराच वेळ चुलीकडे बघत राहिली. "आणि ट्रकमधल्या आगीला कोण भरवतं?" तिने विचारलं. ती डिझेल पिते, तिला दुसरं काही लागत नाही, असं एल्लेय हसत म्हणाला. तेवढ्यात फोन आला. दोन दिवस घरी राहायचं ठरलं होतं, ते मोडलं. उत्तरेकडच्या गावांसाठी पीठ आणि कोळसा घेऊन ट्रकांचा ताफा उद्याच निघायला हवा होता.

काल उजेड जायच्या बेताला तुयारा खिडकीशी उभी होती. काचेवर गोठलेलं दव नखाने खरवडून केलेल्या भोकातून तिला नारिया दिसली: कातड्याच्या कोटातलं गोल गाठोडं, ट्रकच्या पुढच्या चाकाशी वाकलेलं. हातात दुमडलेलं धिरडं. चाकामागून हीटरची धुराची नळी खाली डोकावते, अंगठ्याएवढी जाड. नारियाने धिरडं त्या नळीत सारलं, काटकीने आत, आणखी आत ढकललं, आणि ओठ हलवत काहीतरी पुटपुटली.

पोर किती मायेने भरवते आहे, हे तुयाराच्या मनात आधी आलं. मग ती चरकली. धुराला वाट नसेल तर ज्योत जगायची कशी? तिने खुंटीवरच्या कोटाला हात घातला. कोट खाली काढलासुद्धा. मग तो तिने परत खुंटीला अडकवला, आणि चुलीवरचं दूध उतू जातंय का ते बघायला गेली. दूध उतू जात नव्हतं.

आता बाहेर हीटर धडपडत होता. टिक टिक करत डिझेल आत जाई, पंखा घरघरे, आणि धाप लागल्यासारखा बंद पडे. तिसऱ्या खेपेनंतर त्याने लाल दिवा लावला आणि गप्पच झाला.

ताफ्यातले दोन ट्रक फाटकाशी येऊन थांबले. पुढच्या ट्रकमधून म्हातारा सेम्योन उतरला. वाटेवर त्याचा शब्द शेवटचा.

"निखाऱ्यांची घमेली सरकव म्हणावं इंजिनाखाली," तो दारातूनच तुयाराला म्हणाला. "आमच्या वेळी घमेल्याला कधी लाल दिवा लागला नाही."

"आजोबा, तुमच्या वेळी एकाचा ट्रकच जळाला होता ना त्या घमेल्याने?"

"जळाला. पण सुरू होऊन जळाला."

हसू येऊनही तुयारा मनमोकळं हसली नाही. म्हाताऱ्याने चहा घेतला आणि निवाडा दिला: ताफा नदीच्या उतारावर, गोठलेल्या पात्रावरची वाट सुरू होते तिथे, दुपारपर्यंत थांबेल. तोवर एल्लेय आला तर बरं, नाही तर त्याने पुढच्या आठवड्यातल्या ताफ्याबरोबर यावं. एकट्याने बर्फावर उतरायचं नाही. तेवढं बोलून तो गेला.

पुढच्या आठवड्यात. तुयाराने ते शब्द साखरेच्या खड्यासारखे जिभेखाली धरून ठेवले.

तिने जास्तीची धिरडी केली, घोड्याच्या मांसाचा रस्सा चढवला. एल्लेय मात्र बाहेर वाकळीवर पाठ टेकून ट्रकखाली शिरला होता. डिझेल गोठलं असेल म्हणून त्याने नळ्या तपासल्या. मग पेटीच काढून आणली आणि जेवणाच्या पाटावर खोलून बसला. घरभर डिझेलचा वास सुटला. नारिया त्याच्या पाठीला लोंबकळली, तर त्याने तिला न बघताच खाली उतरवलं. तुयाराने रस्सा पुढे ठेवला, तो निवला. माणूस हाताच्या अंतरावर बसला होता. ती त्याची काळवंडलेली बोटं बघत होती; ती बोटं केवढ्या हळुवारपणे एकेक बारीक तुकडा फडक्याने पुसत होती.

एकदा सांगून टाकावं असं तिच्या मनात आलं. पण कुठल्या तोंडाने सांगायचं?

पेटीत काही बिघाड नव्हता. एल्लेय उठला आणि धुराची नळी तपासायला तार घेऊन बाहेर गेला. परत आला तेव्हा त्याच्या तळहातावर दगडासारखं गोठलेलं, काजळी लागलेलं धिरडं होतं.

त्याने नारियाकडे बघितलं आणि त्याचं तोंड हसायला लागलं. ते हसू पुरतं उमटायच्या आत त्याची नजर खिडकीकडे गेली. काचेवर ते खरवडलेलं भोक, बरोबर ट्रकच्या पुढच्या चाकासमोर. मग त्याने तुयाराकडे बघितलं.

"तुला माहीत होतं?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"नदीवर मधोमध विझला असता तर, तुयारा?"

तिथे कसा विझला असता, इथेच सुरू होणार नव्हता, आणि म्हणून तर... हे तिच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. तो रागावला असता तरी तिला बरं वाटलं असतं. त्याने वाकून लोखंडी चुलीचं दार उघडलं, ते गोठलेलं धिरडं निखाऱ्यांवर ठेवलं, आणि पेटी उचलून बाहेर गेला.

थोड्या वेळाने घुमघुम सुरू झाली. ती ऐकत तुयाराने त्याचा डबा भरला, वर लोणी ठेवलं, कोरडे मोजे ठेवले. इंजिनात ऊब भरेपर्यंत एल्लेय घरात आला नाही. चाकांवरचा बर्फ ठोकत बाहेरच फिरत राहिला. मग पहिल्याच सेलला इंजिन जागं झालं, आणि फळीवरचे पेले किणकिणले.

तो दाराशी आला. नारियाच्या टाळूवर नाक टेकून त्याने तिचा वास घेतला. डबा घेताना तुयाराच्या मनगटावर त्याचा हात जरा जास्त वेळ राहिला. "सेम्योन थांबलाय," तो म्हणाला, जणू तीच एक अडचण होती. मग ट्रक फाटकाबाहेर पडला, आणि त्याच्यामागे धुराचा ढग रस्त्यावर तसाच उभा राहिला, हलेचना. पेले एकेक करून गप्प झाले.

नारिया चुलीसमोर उकिडवी बसली होती. निखाऱ्यांवर धिरड्याची कड अजून लाल होती.

"आई, मी आगीला सांगितलं होतं, बाबांना गार लागू देऊ नकोस," ती म्हणाली. "तूपण खिडकीतून बघत होतीस ना? तू काय मागितलंस?"