केळातली गोळी

नथ्थूभाऊंनी अंगठ्याच्या नखाने केळाला उभी चीर दिली, गोळी आत सरकवली आणि वरून गर लिंपला.

खाटेवरच्या इंदिराबाईंनी निमूटपणे ते केळ खाल्लं. नथ्थूभाऊ पाणी आणायला वळले.

दिवस पहिला.

जळगावच्या डॉक्टरांनी पू झालेला कृत्रिम गुडघा काढून औषध कालवलेल्या सिमेंटचा ठोकळा बसवला होता. सहा आठवडे औषधं झाली. आता चौदा दिवस एकही गोळी नको, असं त्यांनी बजावलं. जंतू उरले असतील तर डोकं वर काढतील, सांध्यातल्या पाण्यात सापडतील. नाही सापडले तर नवा गुडघा. गोळीमुळे लपून राहिले आणि नवाही नासला, तर पाय मांडीतून कापावा लागेल.

नथ्थूभाऊंनी मान डोलावली होती. पण पू झाला तेव्हाचा ताप त्यांनी पाहिला होता, खाट हलत होती. घरात औषध असताना बायकोला उघडं कसं टाकायचं?

दिवस पाचवा. केळ, चीर, गोळी.

दिवस नववा. पाय वाकत नव्हता. कूस बदलायलाही इंदिराबाई नथ्थूभाऊंच्या गळ्यात हात टाकत.

दिवस चौदावा. केळ, चीर, गोळी. दुपारी दवाखान्यात दाखल केलं, सुईने पाणी काढलं.

चार दिवसांनी ज्योत्स्ना सिस्टर हसत वॉर्डात आल्या. एकही जंतू नाही, गुरुवारी ऑपरेशन, सहीचा कागद आणते, म्हणून गेल्या.

नथ्थूभाऊ स्टुलावर बसले.

"ते पाणी खोटं हाये," ते म्हणाले. "रोजच्या केळात मी गोळी घालत होतो."

"म्हाईत हाये माले. आपल्या बागेतलं केळ कधी कडू लागलं का?"

इंदिराबाईंनी पदराची गाठ सोडली. गराने काळपटलेल्या गोळ्या चादरीवर सांडल्या.

"तुमचं मन राहावं म्हणून तोंडात घेत होती. तुम्ही वळले की काढत होती."

नथ्थूभाऊंच्या छातीतून हसण्यासारखं काहीतरी निघालं. जन्मभर केळीचे घड मोजलेलं बोट आपसूक गोळ्यांवर फिरू लागलं.

"मोजू नका," इंदिराबाई म्हणाल्या.

अकरा.

त्यांनी चादर झटकली. उशी उचलून पाहिली. अकराच.

"तीन दिवस अंग कसकसत होतं." इंदिराबाई भिंतीकडे बघत होत्या. "भेव वाटलं. गिळल्या." आणि मग, अगदी हळू, "गुरुवार जाऊ देऊ नका. आता नाही होत माले त्या खाटेवर."

सिस्टर कागद घेऊन आल्या. पेनचं टोपण काढून त्यांनी पेन पुढे केलं.

नथ्थूभाऊंनी गोळ्या मुठीत गोळा केल्या.

"ताई, डॉक्टरसाहेब आहेत का आत?"

ते उठले. इंदिराबाईंनी त्यांची बाही धरली होती. ती सोडवायला त्यांना वेळ लागला.