लाल अक्षरांतला बुध

मी एक दिनदर्शिका बोलतेय. दुधाचे खाडे आणि गॅसची तारीख तुमच्या डोळ्यांसमोर आली असेल, तर आधीच सांगते, ती मी नव्हे. ती माझी चुलत बहीण. ती स्वयंपाकघरात लटकते आणि घरातली माणसं तिला दिवसातून दहा वेळा बघतात. मी असते गच्चीच्या जिन्यात, आणि मला बघतात ते अंधारात. मी आकाशातल्या घटनांची दिनदर्शिका आहे. कुठला ग्रह कधी दिसेल, ग्रहण केव्हा लागेल, उल्का कधी पडतील, सगळं माझ्या बारा पानांवर आहे. थोडक्यात, विश्वाचा कारभार माझ्याकडे. निदान जानेवारीत तरी मला तसंच वाटत होतं.

माझा जन्म आकाशदर्शन मंडळाच्या बैठकीतला. बैठक भरायची मंडळाच्या सचिवांच्या औषधाच्या दुकानामागे, खोकल्याच्या बाटल्यांच्या खोक्यांवर बसून. सचिव म्हणत होते, सगळं काळ्या अक्षरांत छापू या, सरळ आणि साधं. त्यावर बाई उसळल्या. बाई म्हणजे भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका, मंडळाच्या सगळ्यात जुन्या सभासद. जन्मभर वह्या तपासलेल्या. महत्त्वाचं ते लाल अक्षरात पाहिजे, नाहीतर लोक वाचत नाहीत, असं त्यांचं ठाम मत. सचिव त्यांचेच विद्यार्थी, अजूनही त्यांच्यासमोर पायावर पाय टाकून बसत नाहीत. ते काय वाद घालणार? झालं, किरकोळ घटना काळ्या आणि महत्त्वाच्या लाल असं ठरलं.

छापण्याआधी मला तपासायला पाच-सहा जण छापखान्यात आले. ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात त्यांनी माझं पान न् पान पाहिलं, एक वेलांटी दुरुस्त केली आणि माझ्या लाल अक्षरांचं तोंड भरून कौतुक केलं. मी फुगले. आपण नुसत्या हुशार नाही, देखण्यासुद्धा आहोत, असं मला तेव्हाच वाटायला लागलं. रूपाचा गर्व माणसालाच होतो असं नाही.

बाईंनी मला स्वतः घरी नेलं. घरात तिघं. बाई, त्यांचा मुलगा आणि सून. मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या लिफ्टमध्ये असतो, त्यामुळे घरी आल्यावर त्याला बोलायला फारसं उरत नाही. सून एका मोठ्या गोदामात मालाच्या गाड्या लावून घेते. तिचा आवाज खणखणीत. सासूचं आकाश सासूला लखलाभ, आपले कपडे वाळले म्हणजे झालं, असा तिचा आकाशाशी व्यवहार.

बाईंना काचबिंदू होता. कडेकडेचं दिसेनासं होत चाललं होतं, मधलं तेवढं शाबूत. नळीतून बघावं तसं. समोर बोट दाखवलं तर दिसायचं, पण शोधायला सांगितलं की पंचाईत. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की हे वर्ष ठीक, पुढच्या वर्षाचं काही सांगता येत नाही. आणि बाईंचं एक राहिलं होतं. त्यांनी बुध कधी पाहिला नव्हता.

हसू नका. भल्याभल्यांचा राहतो. तो सूर्याला इतका चिकटून असतो, की सूर्य मावळल्यावर किंवा उगवायच्या आधी क्षितिजाजवळ थोडा वेळ दिसतो आणि जातो. बाईंनी तो जन्मभर फळ्यावर काढला आणि पोरांकडून पाठ करून घेतला. प्रत्यक्ष बघायला गेलं की कधी ढग, कधी समोरची इमारत, कधी कुणाची तरी परीक्षा. आता नळीतून बघणाऱ्या माणसाला एवढासा ठिपका सापडायचा कसा? तर शेजारी खूण हवी. मार्चमधल्या एका संध्याकाळी बारीक चंद्रकोर बुधाच्या अगदी शेजारी येणार होती. कोर शोधायची, तिच्या अंगाला बुध. बाईंसाठी यापेक्षा सोपं काय असणार? आणि ही घटना माझ्या मार्चच्या पानावर छापलेली होती. ठळक, सुंदर, लाल अक्षरांत.

आता बाईंच्या घरचा नियम सांगते. डोळे अंधाराला सरावले की मगच बारीक तारे दिसतात. मध्येच पांढरा दिवा लागला की सगळं मुसळ केरात. म्हणून आकाश बघणारे लोक लाल विजेरी वापरतात, लाल उजेडाने डोळे बिघडत नाहीत. बाई यात फार कडक. त्यांनी जिन्यातला दिवाच काढून टाकला होता. दर महिन्याच्या सुरुवातीला, अंधार पडल्यावर, मुलगा विजेरीला लाल कागद लावून माझ्यासमोर उभा राहायचा आणि महिन्याच्या घटना मोठ्याने वाचायचा. बाईंना बारीक अक्षर आता लागत नव्हतं. त्या पायरीवर बसून ऐकायच्या.

लाल उजेड पडला की माझा पांढरा कागद लाल दिसतो. आणि लाल कागदावर लाल अक्षरं? आता तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या लक्षात यायला मात्र पहिली विजेरी अंगावर पडावी लागली. ग्रहणं गेली, उल्कावर्षाव गेले, बुध तर कुठल्या कुठे. उरलं काय, तर चंद्र पृथ्वीपासून दूर, चंद्र पृथ्वीच्या जवळ, आणि पानाच्या तळाशी सचिवांच्या दुकानाची जाहिरात. ज्या नटण्याचा मला गर्व होता, तेच नटणं पुसलं गेलं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

मुलगा वाचायचा आणि म्हणायचा, या महिन्यात विशेष काही नाही. बाईंना नवल वाटायचं. पण त्यांनी स्वतः तपासलेली दिनदर्शिका, तिच्यावर अविश्वास कसा दाखवणार? यादी करायचं काम सचिवांचं होतं, ते ती उतरवून केव्हाच विसरले होते, आणि बाईंनी फक्त वेलांट्या पाहिल्या होत्या. मंडळातले बाकीचेही लाल विजेरीवालेच, त्यामुळे बैठकीतही सगळ्यांचा तोच सूर. यंदा आकाशात काही राम नाही म्हणे. नाचता येईना अंगण वाकडं हे ऐकलं होतं, पण यांनी तर आभाळच वाकडं ठरवलं.

मार्चमधली ती संध्याकाळ आली. बाई गच्चीवर खुर्ची टाकून बसल्या होत्या. मावळतीचा उजेड त्यांच्या डोळ्यांना खुपायचा, म्हणून पाठ पश्चिमेकडे. अंधार पडायची वाट बघत होत्या. मी जिन्यात, दारासमोरच्या भिंतीवर. दार उघडं होतं आणि मला पश्चिम सबंध दिसत होती. चंद्राची कोर आली, आणि तिच्याखाली तो. स्वच्छ. बाईंच्या बरोबर पाठीमागे.

मला हात नाहीत, तोंड नाही. वारा होता म्हणून मी जिवाच्या आकांताने फडफडले. तेवढ्यात मुलगा वर आला आणि त्याने फार आवाज होतोय म्हणून माझ्या खालच्या कडेला कपड्यांचा चिमटा लावला. एवढी अक्कल छापलेली, आणि चिमट्यापुढे काही चाललं नाही. बुध मावळला. मग बाई म्हणाल्या, चला, आज काही नाहीच आहे, आणि खाली गेल्या.

पुढे दोन-तीन दिवसांनी सून वाळलेले कपडे घेऊन उतरत होती. तिची टोपली मला लागली आणि मी खिळ्यावरून खाली पडले. तिने मला उचललं, दाराच्या उजेडात झटकलं, आणि त्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी मला दिवसा वाचलं. ती मला तशीच हातात घेऊन स्वयंपाकघरात गेली.

"आई, तुमचा तो बुध बघून झाला का?" तिने विचारलं. "इथे एवढं ठळक लिहिलंय, परवाचं."

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. मुलगा म्हणाला, असं काही लिहिलेलंच नाही, मी वाचलंय. मग दोघांची जुंपली. ती दाखवतेय, तो डोळे चोळतोय. शेवटी त्याने लाल विजेरी आणली आणि मला घेऊन न्हाणीघरात शिरला. दार लावलं, अक्षरं गेली. दार उघडलं, अक्षरं आली. परत लावलं. बाहेरून सून विचारत होती, आत काय चाललंय. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

बाईंना सगळं कळायला क्षणही लागला नाही. लाल अक्षरांचा हट्ट त्यांचा. पांढरा दिवा न लावायचा नियम त्यांचा. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कुणाला? त्या आधी हसल्या. मग हसता हसता त्यांना रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. सुनेने कधी सासूला रडताना पाहिलं नव्हतं. ती तिथेच टोपली घेऊन उभी राहिली.

त्या दिवशी तिने गोदामातलं जाड काळं पेन आणलं आणि माझं एकेक लाल अक्षर वरून गिरवलं. खोक्यांवर नावं घालायचं ते पेन. माझ्या देखणेपणाचं जे व्हायचं ते झालं. गिरवता गिरवता तिला ऑक्टोबरच्या पानावर पुन्हा तेच सापडलं. चंद्रकोर आणि बुध, या वेळी पहाटे, पूर्वेला. तिने रजेचा अर्ज आधीच देऊन टाकला. सचिवांनाही बाईंनी फोन करून सांगितलं. मग ते म्हणाले, तरीच.

उन्हाळा, पावसाळा गेला. बाईंची नळी आणखी बारीक झाली. कप सांडायला लागले, पायरी चुकायला लागली. ऑक्टोबर जवळ आला तशा त्या म्हणायला लागल्या, की राहू दे, या वयात कसले हट्ट. सून नुसतं ऐकून घ्यायची. त्या पहाटे तिने बाईंना स्वेटर घातला, हाताला धरून एकेक पायरी चढवली आणि मला खिळ्यावरून काढून काखेत मारलं. म्हणून मी हे बघू शकले, नाहीतर माझ्या नशिबात जिना होता.

पूर्वेला खाली ढगांचा पट्टा होता. त्याच्या वर कोर. सुनेने जन्मात पहिल्यांदा आकाशाकडे नीट पाहिलं असेल. डोळे बारीक करून बघत राहिली, मग म्हणाली, सापडला. पण बाईंना कोरच सापडेना. डोकं इकडे तिकडे फिरत होतं, आणि उजेड वाढत चालला होता.

"मला नाही दिसायचा गं," बाई म्हणाल्या. "चल खाली."

सून त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. दोन्ही हातांनी तिने सासूचं डोकं धरलं आणि गोदामात रोज गाड्या मागे घ्यायला सांगताना जो आवाज लावते, तोच लावला.

"डावीकडे घ्या. येऊ द्या, येऊ द्या. हळू. आता जरा खाली. अजून. बस्स."

बाईंचं डोकं थांबलं. सुनेने हात काढले नाहीत.

"एवढासाच?" बाई म्हणाल्या. "मी तर फळ्यावर वाटीएवढा काढायचे."

मग त्या बघतच राहिल्या, आणि गाल ओले झाले तरी पुसले नाहीत, मान हलली तर सुटेल म्हणून. उजेड चढला आणि तो विरघळून गेला. त्यानंतरही दोघी तशाच उभ्या होत्या.

आता डिसेंबर संपतोय. नवी दिनदर्शिका कालच आली. सगळी काळ्या अक्षरांत, दिसायला अगदीच सामान्य, आणि हे मी मत्सराने म्हणत नाही, थोड्याच मत्सराने म्हणते. बाईंना आता तिची पानंही दिसत नाहीत. काल सुनेने दिवा लावून ती त्यांना वाचून दाखवली. फेब्रुवारीच्या पानावर बुध आला, तसं बाईंनी तिला थांबवलं आणि म्हणाल्या, त्या दिवशी रजा टाक. सून अडखळली. तिने विचारलं, आई, तुम्हाला दिसेल का?

"मला नाही गं," बाई म्हणाल्या. "तुला. त्या पहाटे तू सगळा वेळ माझं डोकंच धरून होतीस. या वेळी मी तुझ्यामागे उभी राहते."

मुलगा मला रद्दीत टाकायला निघालाय. टाकू दे, माझी तक्रार नाही. माझ्या पाठीवर कुणी हिशेब मांडेल, कुणी माझ्यात फुटाणे बांधेल, विश्वाचा कारभार तिथवर पोचेल. जाताना एवढंच सांगते. तुमच्या घरात कुणाचं काही बघायचं राहिलं असेल, तर ते आम्हा दिनदर्शिकांच्या भरवशावर सोडू नका, आमचं काही खरं नसतं. त्या माणसालाच विचारा, आणि त्याला हाताला धरून गच्चीवर घेऊन जा.