चढावरची टकटक

पाना नटाला बसला, पण नट हलेना. म्हाताऱ्या मेकॅनिकने दोन्ही हात लावून अंगाचा भार टाकला, तेव्हा कुठे तो कुरकुरत सैल झाला. मुलाचा हात जड. पुढे कुणाला सोडवावा लागेल याचा विचार न करता नट आवळायचा, आणि त्यावरून बापाची बोलणी खायचा. आज मात्र नट सुटल्यावरही बापाने पाना तसाच धरून ठेवला.

ही गाडी मुलाने जास्त ऑक्टेनच्या महागड्या पेट्रोलसाठी जुळवली होती. ठिणगी जरा लवकर पडावी म्हणून टायमिंग पुढे घेतलं होतं. गाडी नुसती पळायची. मग तो तापाचं निमित्त होऊन गेला, आणि सून कामावर जाताना साधं पेट्रोल भरू लागली. त्या पेट्रोलला एवढा दाब सोसत नाही, ते भलत्या वेळी पेटतं. चढ लागला की इंजिनातून टकटक ऐकू यायची.

मुलगा किल्लीने दार वाजवायचा, तशीच घाईची टकटक.

हे आधी त्याच्या आईने ओळखलं. सुनेला सुट्टी असली की ती मागच्या सीटवर जाऊन बसायची. "चला, चढापर्यंत जाऊन येऊ."

"अगं, इंजिन आहे ते. भुताटकी नाही," म्हातारा करवादायचा, आणि मुकाट्याने गाडी काढायचा.

सुनेने आवाजाची तक्रार केली की पेट्रोलात भेसळ असेल, जुनी गाडी कुरकुरणारच, अशा थापा मारायचा. जन्मात गिऱ्हाइकाला फसवलं नव्हतं, ते घरच्या लेकीला फसवत होता.

आज सकाळी त्याने प्लग काढून पाहिला. टोकाला धातूचे चकचकीत कण चिकटले होते. पिस्टन झिजत चालला होता.

"बाबा, चढावर बंद पडली तर?" सून म्हणाली. "मागून ट्रक येत असतात."

तो उठून पाना शोधायला गेला होता.

आता त्याने ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर किंचित मागे फिरवला, इंजिनाचा आवाज ऐकला, अजून किंचित फिरवला. मग नट आवळला, मुलासारखाच, गच्च.

हात पुसून वळला तर बायको मागच्या सीटवर बसलेली. तिला सांगायला हवं होतं. त्याने गाडी सुरू केली.

चढ लागला. इंजिन तक्रार न करता ओढू लागलं. तो वरच्या गिअरमध्येच राहिला, त्याने ॲक्सिलरेटर आणखी दाबला. एरवी इथे हमखास वाजायचं. आरशात बायकोची मान पुढे कललेली दिसली. आपणही तशीच मान कलती केलीय, हे त्याच्या ध्यानात आलं.

माथा आला. सगळं शांत होतं.

"अगं, मी आज—"

"हळू बोला," ती म्हणाली. "झोप लागलीय त्याला."

उताराचा रस्ता उखडलेला होता. म्हाताऱ्याने एकेक खड्डा चुकवत गाडी इतकी हळू काढली, की मागच्या गाडीवाल्याने वैतागून हॉर्न दाबला.

म्हाताऱ्याने खिडकीतून हात बाहेर काढला आणि त्याला गप्प राहायची खूण केली.