तपकिरी जाकीटवाला इसम

"सावधान," हात्सुएनं मोबाईल हातभर लांब धरून वाचायला सुरुवात केली. "काल दुपारी तीनच्या सुमारास, तिसऱ्या आळीत नदीकाठच्या रस्त्यावर, एका इसमानं शाळेतून घरी निघालेल्या मुलीला 'टोपी सांभाळ, उडेल' असं म्हटलं आणि तो पुलाच्या दिशेनं निघून गेला. वय सत्तरच्या आसपास, बांधा किरकोळ, अंगात तपकिरी जाकीट. पालकांनी दक्षता घ्यावी. बाई गं! काय एकेक माणसं असतात!"

समोर बसलेल्या मोरिओच्या जेवायच्या काड्यांमधला मुळ्याचा तुकडा निसटून सूपमध्ये पडला.

"अगं," तो म्हणाला, "तो मी."

हात्सुएनं त्याच्याकडे पाहिलं. मग खुंटीवरच्या तपकिरी जाकिटाकडे पाहिलं. आणि मग ती अशी हसत सुटली, की तिला टेबलाची कड धरावी लागली.

"हसतेस काय? नगरपालिकेनं गावभर निरोप पाठवलाय."

"अहो, पण तुम्ही बोललात! अनोळखी माणसाशी, आपणहून!"

इवाकिरी मोरिओ अडतीस वर्षं नगरपालिकेच्या पाणीखात्यात होता. लांब लोखंडी कांडी रस्त्याला टेकवायची, दुसरं टोक कानाला लावायचं आणि जमिनीखाली नळ कुठे गळतोय ते ऐकायचं, हे त्याचं काम. बोललं की बिघडणारं. निवृत्त झाल्यावरही तो गप्पच राहिला. शेवटी नवीन वर्षाच्या दिवशी हात्सुएनं फर्मान काढलं : रोज बाहेरच्या एका तरी माणसाशी एक वाक्य बोलायचं. दुकानदारानं 'पिशवी हवी का' विचारल्यावर दिलेलं उत्तर धरलं जाणार नाही. कुत्र्यांशी बोललेलंही नाही.

तीन आठवडे त्यानं इमानानं नेट लावला. पोस्टातल्या बाईला म्हणाला, "काल सोमवार होता." ती घाबरून 'हो' म्हणाली. आणि काल अकागी डोंगरावरून सुटलेल्या कोरड्या वाऱ्यात ती पिवळ्या टोपीची चिमुरडी दिसली. तेव्हा त्याला पहिल्यांदा खरोखर सांगण्यासारखं काही सुचलं होतं. घरी येताना तो चक्क शीळ घालत आला होता.

मोरिओ उठला. "चौकीवर जाऊन सांगून येतो."

"ते जाकीट तरी बदला."

"नको. ओळख पटायला हवी."

त्यानं दार उघडलं, तर समोर आळीच्या मंडळाचे अध्यक्ष उशिओदा-सान उभे. वय ऐंशी, पण उत्साह विशीतला. हातात गस्तीचे दोन पिवळे अंगरखे.

"वा, इवाकिरी-सान, तयारच आहात! चला, त्या माणसाला शोधायचंय." त्यांनी एक अंगरखा तपकिरी जाकिटावरून चढवलासुद्धा.

"उशिओदा-सान, तो माणूस..."

"ऐकलंय मी. महाबेरकी आहे म्हणे!"

अशा रीतीनं मोरिओ स्वतःलाच शोधायला बाहेर पडला. टोफूवाली म्हणाली, "मी पाहिला ना! चांगला उंच होता. काळा चष्मा." धोबी म्हणाला, "चष्मा कुठला, दाढी होती. पोरीची टोपी हिसकावली मेल्यानं." मोरिओ दर वेळी तोंड उघडायचा आणि दर वेळी उशिओदा-सान पुढे निघालेले असायचे. चौकी येईपर्यंत तो इसम सहा फुटी, दाढीवाला झाला होता आणि दोन टोप्या घेऊन पळाला होता. मोरिओला स्वतःलाच त्याची थोडी भीती वाटायला लागली.

चौकीत मिझोगुची नावाची तरुण पोलीस बाई बसली होती. उशिओदा-सान "काही सुगावा?" असं विचारतायत तोवर मोरिओनं अंगरखा काढला, नीट घडी करून टेबलावर ठेवला आणि तो ताठ उभा राहिला.

"मीच तो."

उशिओदा-सान मटकन खुर्चीत बसले. "छे! बाई, या माणसाला मी तीस वर्षं ओळखतो. हा बोलणं शक्यच नाही. कुणाला तरी वाचवतोय!"

मिझोगुचीनं कागद पुढे ओढला. "असं म्हणालात तुम्ही त्या मुलीला?"

"हो."

"कारण?"

"वारा."

तिनं 'वारा' असं लिहिलं. "आणखी काही?"

मोरिओनं अंगरख्याची घडी पुन्हा सरळ केली. मग म्हणाला, "डिसेंबरात त्याच रस्त्यावर एका लहान मुलीची टोपी उडून नदीत पडली होती. ती कठड्याला धरून रडत होती. मी शेजारून गेलो. काहीतरी म्हणावं असं फार वाटलं. पण तोंडातून शब्दच फुटला नाही. घरी जाऊन जेवलो, पण घास गोड लागला नाही. तो शब्द काल फुटला."

मिझोगुचीनं पेन खाली ठेवलं आणि फोन उचलला.

दहा मिनिटांत मुलीची आई एप्रनवरच धावत आली. तिच्यामागे ती मुलगी, कोनोहा. आईनं कमरेत वाकून माफी मागितली. मोरिओ त्याहून खाली वाकला. मग आई आणखी खाली. उशिओदा-सानही उगाचच वाकले. कोनोहा तेवढी सरळ उभी होती.

"आजोबा, संशयित तुम्ही का?"

"होतो."

"मी आईला सांगितलं होतं, एक आजोबा छान बोलले म्हणून. तिनं नुसतं 'एक आजोबा बोलले' एवढंच ऐकलं."

आईचे कान लाल झाले. "शाळेची सूचनाच आहे, कुणी बोललं की कळवायचं... मी नीट विचारायलाही थांबले नाही."

"कळवलंत ते बरोबर केलंत," मोरिओ म्हणाला. "मला नात असती तर मीही कळवलं असतं."

दुसऱ्या दिवशी गावभरच्या मोबाईलवर निरोप आला : सदर इसम सापडला असून, टोपी उडू नये एवढाच त्याचा हेतू होता. नागरिकांनी निश्चिंत राहावे.

निरोपात नाव नव्हतं. पण गावात उशिओदा-सान होते. दुपारपर्यंत सगळ्या आळीला कळलं. "अहो संशयित, या की!" टोफूवालीनं भर रस्त्यात हाक मारली. धोब्यानं दाढी कधी काढली म्हणून विचारलं. आता प्रत्येकाला उत्तर देणं भाग होतं. फेब्रुवारी संपेपर्यंत पाव आणायला पाच मिनिटांसाठी गेलेला मोरिओ पाऊण तासानं परतू लागला, आणि हात्सुएनं आपलं फर्मान निमूटपणे मागे घेतलं.

एप्रिलमध्ये शाळेचं नवं वर्ष सुरू झालं. मंडळानं रस्ता ओलांडून देण्याचा झेंडा एकमतानं मोरिओच्या हातात दिला. पहिल्याच सकाळी एकशे बारा मुलं गेली. प्रत्येकाला तो "नीट जाऊन ये" म्हणाला, एकेकाला स्वतंत्र. एकानं हलणारा दात दाखवला, त्याबद्दल दोन वाक्यं झाली. कोनोहानं तीन मैत्रिणींची ओळख करून दिली, त्यात वेगळी चार वाक्यं गेली. साडेआठला घंटा झाली तेव्हा रस्ता रिकामा झाला. मोरिओनं झेंडा गुंडाळला.

"कसं झालं?" हात्सुएनं दारातच विचारलं.

त्यानं तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर आली.

"आ करा." तिनं त्याचा जबडा धरून उजेडाकडे वळवला, आत डोकावून पाहिलं आणि किटली ठेवली. आल्याचा तुकडा किसला, मध घातला, कप त्याच्या हातात दिला.

"उद्या नुसती मान हलवा. बोलू नका."

मोरिओनं एक घोट घेतला, आणि जोरजोरात मान हलवली : नाही.